डिस्क प्लेअर आणि प्री-प्रोसेसर: आवाज नाही, अर्धाच आवाज, किंवा सुरुवातच गिळलेली

ब्लू-रे किंवा सीडी प्लेअर प्री-प्रोसेसरला (डिस्कवरचा आवाज उलगडून अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवणारं यंत्र, पुढे नुसतं प्रोसेसर) जोडला की काही तक्रारी ठरलेल्या असतात. साधी सीडी छान वाजते, पण एसएसीडी (सीडीसारखीच, पण वरच्या दर्जाची डिस्क) घातली की आवाजच नाही. घरात सात स्पीकर आहेत, पण सिनेमा पुढच्या दोनांतूनच ऐकू येतो. सबवूफर एक तर गायब असतो, नाहीतर खिडकीच्या काचा हलवतो. प्रत्येक ट्रॅकची सुरुवात गिळली जाते. एकदा काहीतरी करून हे जमवलं, तरी वेगळी डिस्क लावली किंवा नवा टीव्ही आणला की पुन्हा तेच. मग माणूस केबल बदलतो, त्यानंतर त्याहून महाग केबल घेतो आणि शेवटी चांगला प्लेअर विकायला काढतो. केबल खराब निघते कधीकधी, नाही असं नाही. पण या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा कामाच्या वाटणीचा गोंधळ असतो.

डिस्कवरचा आवाज स्पीकरपर्यंत पोचेपर्यंत त्याच्यावर चार-पाच कामं होतात. डॉल्बी किंवा डीटीएस पद्धतीने बांधलेला आवाजाचा गठ्ठा डिकोड करायचा, म्हणजे उलगडायचा, खालचा बास सबवूफरकडे वळवायचा, जवळच्या स्पीकरचा आवाज क्षणभर थांबवून लांबच्या स्पीकरशी जुळवायचा, शेवटी डिजिटलचं अ‍ॅनालॉग करायचं. यातलं प्रत्येक काम प्लेअरलाही येतं आणि प्रोसेसरलाही येतं. एकाच आमटीत दोघांनी मीठ घातलं की जे होतं, किंवा दुसऱ्याने घातलं असेल म्हणून दोघांनीही घातलं नाही की जे होतं, तेच इथे होतं. म्हणून वायरीला हात लावण्याआधी ठरवा की कुठलं काम कोण करणार.

माझं मत स्पष्ट आहे. सिनेमा आणि बहुचॅनल संगीतासाठी सगळी कामं प्रोसेसरकडे द्यावीत आणि प्लेअरने फक्त डिस्क वाचावी. माइक ठेवून खोलीचं मोजमाप केलंय ते प्रोसेसरने, स्पीकरची अंतरं त्याच्याकडे आहेत, आवाजाची मुख्य खुंटी त्याच्याकडे आहे. प्लेअरला यातलं काहीच ठाऊक नसतं.

समोरच्या पट्टीवर काय लिहिलंय?

निदान इथून सुरू करा. प्रोसेसरच्या डिस्प्लेवर किंवा रिमोटवरच्या इन्फो बटणाने येणाऱ्या पानावर आत काय येतंय ते दिसतं. ब्लू-रे चालू असताना तिथे 'डॉल्बी ट्रूएचडी', 'अ‍ॅटमॉस' किंवा 'डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ' दिसलं, तर प्लेअर डिस्कवरचा गठ्ठा न उलगडता जसाच्या तसा पाठवतोय. 'पीसीएम' (म्हणजे उलगडलेला साधा डिजिटल आवाज) आणि पाच किंवा सात चॅनल दिसले, तर डिकोड करण्याचं काम प्लेअरने केलंय. आवाजाच्या दर्जात त्याने फरक पडत नाही, कारण ही दोन्ही रूपं बिनकाटछाटीची आहेत. मात्र अ‍ॅटमॉसमधली उंचीवरच्या आवाजांची माहिती तेवढी हरवते, म्हणून छतात स्पीकर असतील तर गठ्ठाच पाठवायला हवा. प्लेअरच्या मेनूत या पर्यायाचं नाव 'बिटस्ट्रीम' असतं.

आणि 'पीसीएम', फक्त दोन चॅनल असं दिसलं, तर प्लेअरच्या ऑडिओ मेनूत कुठेतरी 'स्टीरिओ' किंवा 'डाउनमिक्स' (सगळे चॅनल दोनांत मिसळणं) चालू आहे. सात स्पीकर असून दोनच वाजण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. एचडीएमआय वायर प्लेअरमधून आधी टीव्हीत आणि तिथून ऑप्टिकल वायरीने (जिच्यातून आवाज प्रकाशाने जातो) प्रोसेसरमध्ये आणली असेल तरीही हेच दिसू शकतं, कारण बरेच टीव्ही ऑप्टिकलवर पुढे फक्त स्टीरिओ सोडतात. टीव्हीतून एआरसीने (एचडीएमआय वायरीतूनच टीव्हीचा आवाज उलटा आणण्याची सोय) आवाज परत आणला तर काटछाट केलेला डॉल्बी मिळतो. बिनकाटछाटीचा आवाज टीव्हीमार्गे हवा असेल तर दोन्हीकडे ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारलेली आवृत्ती, लागतं आणि ते २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर आलं. प्रोसेसरला एचडीएमआय इनपुट असेल तर हा वळसा घ्यायचं कारणच नाही.

एक सेटिंग मात्र फार छळतं. डिस्कवर ट्रूएचडी आहे, प्लेअरमध्ये बिटस्ट्रीम निवडलंय, तरी पट्टीवर साधं 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डीटीएस' दिसतं. अशा वेळी प्लेअरमध्ये 'सेकंडरी ऑडिओ' किंवा 'बीडी ऑडिओ मिक्स' चालू आहे का ते पाहा. मेनूचे टिकटिक आवाज आणि दिग्दर्शकाचं भाष्य मूळ आवाजात मिसळता यावं म्हणून प्लेअर सगळं डिकोड करतो, मिसळतो आणि पुन्हा काटछाट करून नवा गठ्ठा बांधतो. एकाच वेळी दोघांनी डिकोड करण्याचा हा नमुना. ते बंद करा. नवीन प्लेअर कित्येकदा ते चालू ठेवूनच खोक्यातून निघतात, आणि फॅक्टरी रीसेट केलं की पुन्हा चालू होतं.

एसएसीडी घातली की शांतता

हायब्रिड एसएसीडीत दोन थर असतात. एका थरावर साधी सीडी, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. दुसऱ्यावर डीएसडी, म्हणजे एकच बिट पण सेकंदाला २८ लाखांहून जास्त वेळा, २.८२२४ मेगाहर्ट्झ. हा दुसरा थर कोअ‍ॅक्सिअल किंवा ऑप्टिकल या डिजिटल वायरींतून बाहेर सोडायला परवानगीच नाही. नक्कल रोखण्यासाठी १९९९ पासून ही अट आहे. म्हणून त्या वायरीवर साधी सीडी वाजते आणि एसएसीडी मुकी राहते. वायर बदलून काहीही होणार नाही. एक तर प्लेअरला सीडीचा थर वाचायला सांगा (त्यासाठी 'एसएसीडी प्रायॉरिटी' असं सेटिंग असतं), नाहीतर एचडीएमआय वापरा.

एचडीएमआय वापरूनही शांतता असेल तर प्लेअर डीएसडी पाठवतोय आणि प्रोसेसर ते घेत नाही. एचडीएमआयमधून डीएसडी जाण्याची सोय २००५ च्या १.२ आवृत्तीत आली, पण ती द्यायचीच अशी सक्ती प्रोसेसर बनवणाऱ्यांवर नाही. प्लेअरच्या मेनूत एसएसीडी आउटपुट 'पीसीएम' करा. आवाज ८८.२ किंवा १७६.४ किलोहर्ट्झचा होऊन येतो आणि सहाही चॅनल येतात. डीएसडी मोडलं म्हणून हळहळ वाटायचं कारण नाही. खोलीची दुरुस्ती, बास वळवणं, अंतरं जुळवणं ही कामं बहुतेक प्रोसेसर पीसीएमवरच करतात. त्यांना डीएसडी दिलं तर ते स्वतःच आत त्याचं पीसीएम करतात, किंवा ही सगळी कामं वगळून आवाज तसाच पुढे ढकलतात. दुसऱ्या प्रकारात छोट्या स्पीकरवर सगळा बास जातो आणि सबवूफर गप्प बसतो.

डीव्हीडी-ऑडिओचंही जवळपास असंच आहे. पूर्ण दर्जाचे सहा चॅनल हवे असतील तर एचडीएमआय किंवा अ‍ॅनालॉग. कोअ‍ॅक्सिअलवर मिळेल तो उतरवलेला स्टीरिओ.

ट्रॅकची सुरुवात गिळली जाते

ही तक्रार शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना सगळ्यात जास्त बोचते. मैफलीच्या सीडीत विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे ट्रॅक बदलतो, पण मधे शांतता नसते. तबला चालूच असतो. अशा जागी प्रोसेसरकडे बघत बसा. ट्रॅकचा आकडा बदलताना पट्टीवरची 'पीसीएम ४४.१' ही अक्षरं विझतात, आतून रिलेचा 'टक्' असा आवाज येतो, अक्षरं परत उमटतात, आणि तोवर मुखड्याची पहिली अक्षरं गेलेली असतात. सम मिळते, पण सम येण्याआधीचं ते उचलणं मिळत नाही.

कारण असं की प्रोसेसर 'ऑटो'वर असला की आत येणारा सिग्नल साधा पीसीएम आहे की डॉल्बी-डीटीएसचा गठ्ठा, हे तो तपासतो आणि खात्री होईपर्यंत तोंड बंद ठेवतो. हे तो तुमच्याच भल्यासाठी करतो. डीटीएसचा गठ्ठा पीसीएम समजून वाजवला तर स्पीकरमधून कर्कश फसफस बाहेर पडते. पण काही प्लेअर ट्रॅक बदलताना सिग्नल क्षणभर तोडतात, आणि मग ही तपासणी दर ट्रॅकला नव्याने होते.

उपाय: प्रोसेसरवर सीडीसाठी वेगळं इनपुट ठेवा आणि त्याला 'पीसीएम' असं बांधून टाका. डेनॉन आणि मरँट्झच्या बऱ्याच मॉडेलांत हे 'डिकोड मोड' या नावाखाली सापडतं, इतरांकडे नाव वेगळं असतं. एकदा बांधलं की तपासणी थांबते आणि मुखडा पूर्ण ऐकू येतो. मात्र डीटीएसच्या जुन्या सीडी या इनपुटवर लावू नका, नुसती फसफस येईल. त्या 'ऑटो' इनपुटवरच वाजवा, आणि प्लेअरला स्वतःची आवाजाची सोय असेल तर ती पूर्ण वर ठेवा. प्लेअरने आवाज जरा जरी कमी केला तरी त्या गठ्ठ्यातले आकडे बदलतात आणि प्रोसेसरला तो ओळखूच येत नाही.

सीडीचं हे इनपुट मी कोअ‍ॅक्सिअलवर ठेवावं असं सांगेन, एचडीएमआयवर नाही. एचडीएमआयवर प्लेअर, प्रोसेसर आणि टीव्ही तिघंही एकमेकांशी सतत बोलत असतात. गाणं चालू असताना कोणी टीव्ही बंद केला तरी त्यांची ओळखपाळख पुन्हा सुरू होते आणि दोन-तीन सेकंद आवाज जातो. सीडी ऐकताना टीव्हीचा संबंधच कशाला? एकाच प्लेअरमधून दोन्ही वायरी काढा: सीडीसाठी कोअ‍ॅक्सिअल, सिनेमा आणि एसएसीडीसाठी एचडीएमआय. प्रोसेसरवर दोघांना वेगळी नावं द्या. कोअ‍ॅक्सिअल वायर ७५ ओहमची हवी आणि त्यासाठी दुकानात जायची गरज नाही. जुन्या व्हीसीडी प्लेअरबरोबर आलेली पिवळ्या पिनेची व्हिडिओ वायर बहुतेक घरांत पडलेली असते, ती चालते. ऑप्टिकल घेतली तर दोन गोष्टी बघा: टोकांवरची छोटी प्लॅस्टिकची टोपणं काढलीत ना, आणि कपाटामागे वायर करकचून दुमडली नाही ना. टोक तळहातासमोर धरलं की लाल ठिपका दिसायला हवा.

आणखी एक साधी गोष्ट, पण तिच्यात कित्येक संध्याकाळी वाया जातात. प्रोसेसरच्या मागे 'कोअ‍ॅक्सिअल २' लिहिलेल्या भोकात वायर घातली म्हणजे 'सीडी' बटण दाबल्यावर तेच वाजेल असं नाही. मेनूतल्या 'इनपुट असाइन'मध्ये त्या भोकाचं नाव त्या बटणाला जोडलेलं असावं लागतं. प्रोसेसर बऱ्याचदा आधी एचडीएमआय, मग डिजिटल, मग अ‍ॅनालॉग अशा क्रमाने सिग्नल शोधतो. तेव्हा एकाच बटणाला दोन वायरी जोडल्या असतील तर नको ती वाजते.

चित्र आहे पण आवाज नाही, किंवा उलटं

एचडीएमआयची ओळखपाळख बिघडली की असं होतं. सगळं बंद करून भिंतीवरची बटणंही बंद करा, काही मिनिटं थांबा, मग आधी टीव्ही, नंतर प्रोसेसर, शेवटी प्लेअर चालू करा. याने सुटलं पण वारंवार होत असेल, तर तिन्ही यंत्रांतलं सीईसी बंद करून काही दिवस बघा. एकमेकांना आपोआप चालू-बंद करण्याची ही सोय चुकीच्या क्षणी इनपुट बदलते.

जुना पण उत्तम प्रोसेसर आणि नवा ४के प्लेअर ही जोडी आपल्याकडे खूप दिसते, कारण चांगला प्रोसेसर कोणी सहजासहजी टाकून देत नाही. इथे अडचण एचडीसीपी २.२ ची, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलपाची असते. जुना प्रोसेसर ते ओळखत नाही, म्हणून त्याच्यातून ४के चित्र पुढे जात नाही. चांगल्या ४के प्लेअरना दोन एचडीएमआय आउटपुट असतात, त्यातलं एक फक्त आवाजासाठी. चित्राचं टीव्हीला, आवाजाचं प्रोसेसरला, असं जोडलं की प्रश्न मिटतो. ओप्पोच्या यूडीपी-२०३ मध्ये ही सोय होती. ओप्पोने प्लेअर बनवणं २०१८ मध्ये थांबवलं, तरी जुन्या बाजारात त्याला अजून मागणी आहे. दुसऱ्या हाताचा घेताना ही दोन्ही आउटपुट समोर चालवून बघा.

सहा अ‍ॅनालॉग वायरी

प्रोसेसरला एचडीएमआय नसेल, तर एसएसीडीचे सहा चॅनल अ‍ॅनालॉगनेच आणावे लागतात. इथे कामाची वाटणी उलटी होते आणि ते बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. या इनपुटवर बहुतेक प्रोसेसर फक्त आवाज कमी-जास्त करतात. स्पीकर छोटे की मोठे, अंतर किती, बास कुठून वळवायचा, हे सगळं आता प्लेअरच्या स्पीकर सेटअपमध्ये भरायचं असतं. ते भरलं नाही तर प्लेअर सगळे स्पीकर मोठे समजतो आणि तुमच्या बुकशेल्फ स्पीकरवर पखवाजाचा पूर्ण धुमका सोडतो.

याच्या उलट प्रकारही आहे. काही प्रोसेसर अ‍ॅनालॉग आत घेऊन त्याचं पुन्हा डिजिटल करतात आणि स्वतःचं बास वळवणं त्याच्यावर चालवतात. मग ८० हर्ट्झला दोनदा कात्री लागते आणि तानपुऱ्याचा खालचा खर्ज पोकळ वाटतो. तुमचा प्रोसेसर कुठल्या जातीचा आहे ते त्याच्या पुस्तिकेत बघा आणि दोघांपैकी एकातच स्पीकर 'स्मॉल' (छोटे, म्हणजे बास वळवायचा) ठेवा.

सबवूफरचा घोळ इथलाच. सिनेमातला एलएफई (फक्त खोल बासचा) चॅनल मुद्रणात १० डेसिबल खाली ठेवलेला असतो आणि वाजवताना तेवढाच वर उचलायचा असतो. डिजिटल वायरीवर हे प्रोसेसरचा डिकोडर गुपचूप करतो. अ‍ॅनालॉगवर मात्र प्लेअर म्हणतो प्रोसेसर करेल, प्रोसेसर म्हणतो प्लेअरने केलं असेल. दोघांनीही नाही केलं तर सबवूफर मेलेला वाटतो. दोघांनीही केलं तर काचा थरथरतात. काही प्रोसेसरमध्ये याच इनपुटसाठी सबवूफरचा वेगळा '+१०' पर्याय असतो, काही प्लेअरमध्येही असतो. एकाच ठिकाणी चालू ठेवा.

तपासताना प्रोसेसरचा आतला टेस्ट टोन वापरू नका. तो या सहा वायरींतून येतच नाही, त्यामुळे सगळं ठीक असल्याचा भास होतो. कॅलिब्रेशन डिस्कवरचा टोन प्लेअरमधून वाजवा, फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेऊन नेहमीच्या जागेवर बसा आणि स्पीकर एकेक करून सारखे करा. फोनचा माइक खालच्या बासला नीट दाद देत नाही, तेव्हा सबवूफर ओळखीच्या सिनेमावर कानानेच जुळवा.

पावसाळ्यात कोकणात, मुंबईत, गोव्यात या वायरींच्या टोकाच्या आरसीए पिना काळवंडतात आणि सहापैकी एखादा चॅनल मधूनच जातो. सगळं बंद करून प्रत्येक पिन जागच्या जागी दोन-चार वेळा फिरवली तरी बऱ्याचदा परत येतो. नाहीच आला तर कॉन्टॅक्ट क्लीनर.

गुणगुण

स्पीकरमधून सतत खालची गुणगुण येत असेल, तर ती ५० हर्ट्झच्या विजेची असते. आधी प्लेअरला दोष देऊ नका. बरेच ब्लू-रे प्लेअर दोन पिनांचे असतात आणि अर्थिंगचा फेरा (दोन वाटांनी जमिनीला टेकल्यामुळे वायरींत तयार होणारं वर्तुळ) त्यांच्यापासून सहसा सुरू होत नाही. संशयित असतो केबल टीव्हीची किंवा डिशची कोअ‍ॅक्सिअल वायर. ती गच्चीवरून किंवा जिन्यातून येते, वेगळ्या ठिकाणी जमिनीला टेकलेली असते, टीव्हीत शिरते आणि एचडीएमआयच्या कवचावरून थेट प्रोसेसरपर्यंत पोचते. सेट-टॉप बॉक्सची ती वायर मागून काढून बघा. गुणगुण गेली तर चोर सापडला, आणि त्या वायरीवर आयसोलेटर लावला की काम होतं.

तसं नसेल तर सगळी यंत्रं एकाच बोर्डावर आणा. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. तिथे जेमतेम एक-दोन व्होल्ट दिसायला हवेत. प्लेअरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिणी येत असेल तर ही तपासणी टाळूच नका. गुणगुण घालवायला तीन पिनांच्या प्लगमधली अर्थची जाड पिन काढून टाका असं सांगणारे भेटतात. ते कधीही करू नका. यंत्रात बिघाड झाला तर वीज पत्र्यावर येते आणि पुढची बोटं तुमची किंवा घरातल्या मुलाची असतात. गुणगुण फक्त प्लेअरच्या अ‍ॅनालॉग वायरीवर असेल, तर सीडी ऑप्टिकलने जोडा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे फेराच तुटतो.

अमेरिकेहून आलेली यंत्रं

परत येणारे आप्त प्रोसेसर किंवा प्लेअर घेऊन येतात तेव्हा मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नका. '१००-२४०' असेल तर थेट चालेल. नुसतं '१२०' असेल तर २३० व्होल्टवर ते जळेल. पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. डिस्क आणि प्लेअर जगाच्या विभागांप्रमाणे बांधलेले असतात: तिकडच्या प्लेअरची डीव्हीडी विभाग १ ची आणि आपली विभाग ५ ची, ब्लू-रे तिकडे ए आणि इथे सी. त्यामुळे 'डिस्क चालत नाही' ही तक्रार तिथे जोडणीची नसते. सीडी, एसएसीडी आणि ४के ब्लू-रे यांना विभागाचं बंधन नाही, त्या कुठेही वाजतात.

एवढं सगळं करूनही अडलं, तर एका वेळी एकच गोष्ट बदला: दुसरं इनपुट, मग दुसरी वायर, मग दुसरी डिस्क. फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी. त्याआधी प्लेअर आणि प्रोसेसर दोघांच्याही मेनूच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा आणि खोलीचं मोजमाप पेन ड्राइव्हवर किंवा अ‍ॅपमध्ये साठवता येत असेल तर साठवा. रीसेटनंतर सेकंडरी ऑडिओ, एसएसीडी आउटपुट आणि इनपुट असाइन ही तीन पानं सगळ्यात आधी उघडा.